पेटी राहिली म्हणून

बडोद्यातील जुन्या मराठी घरांचे माळे धुंडाळले, तर बुद्धिबळाची एखादी लाकडी पेटी बहुधा हाती लागते. आतील सोंगट्या मात्र क्वचितच बत्तीस भरतात. रावपुऱ्यातील घर सोडून आम्ही वासण्यास राहावयास आलो, तेव्हा आजोबांची अशीच पेटी निघाली. तीत एक प्यादे नव्हते. त्याच्या जागी कोटाचे बटण होते. सरकते झाकण अडकून बसले होते. सोंगट्या बरणीत भरून पेटी टाकून द्यावी, असे घरात ठरत होते. तेव्हा मला सावंतवाडीची आठवण झाली.

बैठ्या खेळाचा आणि त्याच्या पेटीचा संबंध तेथे जितका स्पष्ट दिसतो, तितका अन्यत्र क्वचित दिसेल. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी 120 गोल पाने. त्यांतील एक हरवले की डाव संपला. कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून, वर खडूची पूड चढवून, घोटून व रंगवून केलेली ही पाने सरकत्या झाकणाच्या लाकडी पेटीत ठेवीत. पेटीच्या बाजूंवरही पानांसारखीच चित्रे असत. म्हणजे सुतार आणि चितारी दोघांचेही काम पूर्ण होई, तेव्हा कोठे खेळ पूर्ण होई.

गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जवळजवळ लुप्त झाली होती. श्रीमंत शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती समजून घेऊन राणीसाहेबांनी स्वतः कुंचला हाती धरला. पुढे राजवाड्याच्या दरबारात कारागीर बसून काम करू लागले. सत्त्वशीलादेवींचे माहेर बडोद्याचे, हे येथील वाचकांनी विसरू नये. 2018 साली त्या निवर्तल्या.

सावंतवाडीची ही हकीकत ध्यानात ठेवून मी आमची पेटी वासण्यातील एका सुतारास दाखविली. श्रावण चालू होता. त्याने झाकणाच्या कडेवर बोट फिरविले आणि रंधा लावण्यास नकार दिला. म्हणाला, "काका, दिवाळीनंतर आणा. आत्ता लाकूड दमट हवेने फुगलेले आहे. आज तासले तर उन्हाळ्यात झाकण खुळखुळेल." लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते, म्हणूनच जुने सुतार झाकणाच्या खाचेत किंचित सैलपणा ठेवीत. आजोबांच्या पेटीत तो होता, पण मधल्या काळात कुणीतरी रोगणाचा जाड थर देऊन खाच बुजविली होती. दिवाळीनंतर तेवढा थर खरवडताच झाकण सहज सरकले. रंध्याची गरजच पडली नाही.

उरले प्यादे. बडोद्याहून संखेडा फार दूर नाही. सागवान कातून त्यावर लाखेचा रंग चढविण्यात तेथील खरादी पिढ्यान्‌पिढ्या निष्णात. जुने प्यादे नमुन्यास दिले. तसेच दुसरे मिळाले. रंग थोडा अधिक उजळ आहे, तो राहू दिला.

आता सोंगट्या बत्तीस आहेत. डाव संपला की नातवंडे मोजून ठेवतात, आणि झाकण लावण्यावरून त्यांचे भांडण होते. बटण मात्र मी पेटीतून काढलेले नाही. कोट कोणाचा होता, हे सांगणारे आता घरात कोणी उरलेले नाही.