कैसरबागेतला जोगिया मेळा

व्हेनिसच्या कार्निव्हलमध्ये मुखवटा चढवला की उमराव कोण आणि सामान्य कोण, ते ओळखू येत नसे. लखनौत हेच काम गेरूने केलं. अवधचे नवाब वाजिद अली शाह यांच्या कैसरबागेत श्रावणात जोगिया मेळा भरे आणि एरवी बंद असलेलं शाही बागेचं दार रयतेला उघडं होई. अट एकच होती: अंगावरचे कपडे गेरूत रंगवलेले हवेत. ऐंशीच्या घरातले म्हातारेही ते रंगीत कपडे घालून नटूनथटून येत, असं अब्दुल हलीम शरर यांनी लखनौच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे.

या मेळ्याचं मूळ थेट पाळण्यापर्यंत जातं. वाजिद अली यांचा जन्म १८२२ चा. मुलाच्या नशिबी जोगी होणं आहे, असं ज्योतिषांनी सांगितलं म्हणतात. उतारा असा की, दर वाढदिवसाला त्याला जोग्याचा वेष घालावा. आई मलिका किश्वर यांनी तो नेमाने पाळला. मराठी मुलखाला ही रीत परकी नाही. नवसाच्या पोराला मोहरमात फकीर करणारी हिंदू घरं आपल्याकडे गावोगाव होती. लेकराच्या जिवासाठी शेजारच्या धर्माचा वेष मागून घ्यायला कुठल्याच आईला संकोच वाटला नाही.

घरातला हा उतारा पुढे रंगमंचावर आला. युवराज असताना, १८४३ साली, वाजिद अलींनी राधा-कन्हैयाची कथा रहस, म्हणजे नृत्यनाट्य, म्हणून बसवली. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भावे ‘सीतास्वयंवर’ उभं करत होते. १८४७ मध्ये गादी मिळाली, लगोलग कैसरबाग उभी राहिली आणि वाढदिवसाचा जोगी साऱ्या शहराचा झाला. नवाब स्वतः जोगी होत. अंगाला फासायची राखसुद्धा मोती जाळून केलेली असे, असं लखनौत सांगतात. याच बागेतली सफेद बारादरी मात्र त्यांनी इमाम हुसेन यांच्या मातमासाठी बांधली. जोग्याचा वेष आणि मोहरमचा शोक यांत त्यांना विरोध दिसला नाही.

फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनी सरकारने अवध खालसा केलं. नवाब कलकत्त्याच्या मटियाबुर्जला गेले. मलिका किश्वर मुलाचं राज्य परत मागायला थेट लंडनला पोचल्या. जन्म पडद्यात गेलेल्या या बाईंना तिथे यश आलं नाही. परतीच्या वाटेवर, जानेवारी १८५८ मध्ये, पॅरिसला त्यांचा अंत झाला. बंडानंतर कैसरबागेचा मोठा भाग पाडला गेला. मेळा संपला तो कायमचा. व्हेनिसचा कार्निव्हलही प्रजासत्ताक बुडाल्यावर मोडला होता, पण १९७९ च्या सुमाराला तो पुन्हा उभा राहिला.

जोगिया मेळ्याच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही, तरी त्यामागची कला टिकली. मटियाबुर्जलाही रहस होत राहिले. लखनौच्या अमानत यांची ‘इंदरसभा’ मुंबईच्या पारशी रंगभूमीने गाजवली. १९२६ साली लखनौत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने संगीताचं महाविद्यालय निघालं. आज ते विद्यापीठ आहे आणि कैसरबागेतल्या परीखान्यात नांदतं आहे. नवाबाच्या नर्तकी जिथे रियाज करत, तिथे आता कुणाचीही मुलं नाव घालून कथक शिकतात, आणि त्यासाठी कपडे गेरूत रंगवावे लागत नाहीत.