यंत्राची रेघ आणि कर्त्याचा हक्क

चित्र यंत्राने काढले, तर त्याचा कर्ता कोणास म्हणावे? संगणकास दोन ओळी लिहून द्याव्यात आणि त्याने क्षणार्धात चित्र पुढे ठेवावे, अशी सोय झाल्यापासून हा प्रश्न सर्वतोमुखी झाला आहे. तो आजचाच आहे, असे मात्र नव्हे. अमेरिकेतील न्यायालयांचे व नोंदणी-कचेऱ्यांचे दप्तर उघडले, म्हणजे त्याचे वय निदान एकशेचाळीस वर्षांचे भरते.

प्रथम दाद मागावी लागली ती छायाचित्रकारास. १८८२ साली न्यूयॉर्क येथे नेपोलियन सॅरोनी यांनी ऑस्कर वाइल्ड यांचे छायाचित्र घेतले. एका शिळाछाप कंपनीने त्याच्या ८५,००० प्रती काढल्या. कॅमेरा समोर असेल तेच उमटवितो, त्यात माणसाचे कर्तृत्व कसले, असा तिचा बचाव होता. १८८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. वाइल्ड यांना कसे बसवावे, पोशाख व पडदे कोणते, छायाप्रकाश कसा, हे सॅरोनी यांनी ठरविले होते. म्हणून चित्र त्यांचे.

पुढल्या शतकात संगणकाची पाळी आली. न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत ए. मायकेल नॉल यांनी १९६३ साली ‘गॉशियन क्वाड्रॅटिक’ हे चित्र सिद्ध केले. शंभर बिंदू आणि त्यांना सांधणाऱ्या नव्याण्णव रेषा, एवढाच त्याचा संसार. बिंदूंची आडवी जागा यदृच्छेवर सोपविलेली. उभी जागा वर्गाच्या सूत्राने वाढत जाणारी. स्वामित्वहक्काच्या नोंदणीसाठी नॉल यांनी ते वॉशिंग्टनला, लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे धाडले. चित्र यंत्राने काढलेले आहे, सबब नोंदणी नाही, असे उत्तर आले. यंत्रास दिलेली आज्ञावली माणसानेच रचली आहे, असे नॉल यांनी कळविले. तेव्हा कचेरीने यदृच्छेवर बोट ठेवले. ते आकडे यादृच्छिक भासतात, परंतु त्यांना जन्म देणारी रीत पूर्णपणे गणिती आहे, असा खुलासा झाल्यावर अखेर नोंदणी झाली.

आमच्या मते हे दुसरे उत्तर कचेरीपुरते चोख, पण कलेच्या दृष्टीने अपुरे होते. ओल्या कागदावर जलरंग कसा पसरेल, हे चित्रकार तरी कोठे पूर्णपणे जाणतो? यदृच्छेस कोठवर मोकळीक द्यावी आणि हाती आलेले केव्हा पुरे म्हणावे, हे ठरविणे हीच त्याची कर्तबगारी होय.

१९६४ साली नॉल यांनी मोंद्रिआनच्या १९१७ मधील एका रेषाचित्राच्या धर्तीवर संगणकाकडून चित्र काढविले आणि दोहोंच्या प्रती शंभर जणांपुढे ठेवल्या. संगणकाचे कोणते, हे २८ जणांनाच ओळखता आले. ५९ जणांना तेच अधिक आवडले. तात्पर्य, नुसत्या दर्शनावरून कर्ता ठरत नाही. चित्र कसे घडले, हे विचारावेच लागते.

नॉल यांनी कर्तेपण स्वतःकडे घेतले होते. उलट स्टीफन थेलर यांनी आपल्या यंत्रालाच कर्ता म्हणून पुढे केले, तेव्हा मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नोंदणीचा नकार कायम केला. कर्ता मनुष्यच हवा. यंत्राच्या साहाय्याने मनुष्याने केलेल्या कृतीचा मार्ग मात्र त्या निर्णयाने अडविलेला नाही.

आपल्याकडे १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली. तदनुसार संगणकनिर्मित कृती ज्या व्यक्तीमुळे निर्माण होते, ती तिची कर्ती. नॉल यांच्यासारख्यास हे सूत्र चपखल बसते. आज्ञावली त्यांची, निवडही त्यांचीच. आजच्या चित्रात आज्ञावली एकाची, दोन ओळी दुसऱ्याच्या, आणि ज्यांच्या असंख्य चित्रांवर यंत्र शिकले, ते चित्रकार तिसरेच. पहिल्या दोघांचा वाद सॅरोनी यांच्या खटल्यातील कसोटीने सुटू शकेल. चित्रातील निर्णय कोणाचे, हे पुराव्याने पाहावे. तिसऱ्याचे नाव मात्र त्या सूत्रात कोठेच येत नाही. त्याची संमती व त्याचा मोबदला यांचा विचार न करता कर्तेपणाची वाटणी झाली, तर ती आम्हांस न्याय्य म्हणता येणार नाही.