फॉर्मलिन आणि रेशमाचा कोष

जालना म्हटले म्हणजे बियाणे आणि लोखंडी सळ्या, असे समीकरण लोकांच्या मनात बसलेले आहे. परंतु २०१८ साली येथील बाजार समितीत रेशीमकोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि तुतीच्या बागेलाही या जिल्ह्यात मान मिळाला. त्या शुभ्र कोषामागे एका उग्र वासाच्या पाण्याचाही वाटा आहे. ते पाणी म्हणजे फॉर्मलिन. त्याचीच हकीकत आम्ही आज सांगणार आहोत.

फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू पाण्यात विरघळवला की फॉर्मलिन तयार होते. १८५९ साली हा पदार्थ रशियन रसायनशास्त्रज्ञ बुतलेरोव्ह यांच्या हाती आला. पण त्यांना त्याची ओळख पटली नाही. ती पुढे जर्मनीच्या हॉफमान यांनी पटवली. खरी मौज घडली १८९३ साली. फ्रँकफुर्टचे डॉक्टर फर्डिनांड ब्लुम हा द्रव जंतुनाशक म्हणून पारखीत होते. काम करता करता त्यांच्याच बोटांची कातडी टणक झाली. जे बोटांचे झाले ते शरीरातून काढलेल्या अवयवांचेही होईल, हे त्यांनी ताडले. तेव्हापासून रोग्याच्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जाण्यापूर्वी फॉर्मलिनमध्ये ठेवण्याची रीत पडली.

या दोन्ही गुणांचे मूळ एकच आहे. हा वायू प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकतो. जंतूची प्रथिने जखडली की जंतू मरतो. मांसाची जखडली की मांस कुजत नाही.

आता रेशमाकडे वळू. पेब्रिन या रोगाने फ्रान्समधील रेशमाचा धंदा बुडू लागला, तेव्हा १८६५ साली पाश्चर त्याच्या शोधास लागले. अंडी घालणारी मादी सूक्ष्मदर्शकाने तपासावी आणि ती रोगी निघाल्यास तिची अंडी टाकून द्यावीत, ही त्यांची शिकवण आजही पाळली जाते. पण अंडी निरोगी असली तरी मागच्या पिकाचे रोगबीज संगोपनगृहाच्या भिंतींना चिकटून राहते. म्हणून ३६ टक्क्यांच्या एक भाग फॉर्मलिनमध्ये सतरा भाग पाणी मिसळून दोन टक्क्यांचे द्रावण करतात व फवारतात. घर दिवसभर बंद ठेवतात, मग दारे-खिडक्या उघडून वास पुरता गेल्यावरच अळ्या आत आणतात.

येथेच सावध राहिले पाहिजे. जंतू कोणता आणि फवारणाऱ्याचे फुप्फुस कोणते, हे फॉर्मलिनला कळत नाही. नाकाला बांधलेला रुमाल वायू अडवीत नाही. त्यासाठी वायुरोधक मुखवटाच हवा. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत बसवले. त्याच्याऐवजी क्लोरीन डायॉक्साइडची औषधेही आता मिळतात. २०१८ च्या जुलैत मासळीत फॉर्मलिन असल्याच्या संशयावरून गोव्याने परराज्यांतील मासळी काही दिवस बंद केली, तीही याच भीतीपोटी.

ब्लुम यांच्या बोटांनी शोध आणि इशारा एकाच दिवशी दिला होता. शोध जगाने तत्काळ उचलला. इशारा ध्यानी घ्यायला शतक लोटले. कोष पिकवणाऱ्या आमच्या शेतकऱ्याने तरी दोन्ही एकदमच घ्यावेत, एवढेच आमचे सांगणे आहे.