तळटीप : ‘परतला’ या शब्दाविषयी

* ‘परतला’ हे क्रियापद मूळ मजकुरात सहज येऊन गेले आहे, पण १९९५पर्यंत रग्बीत असे परतणे जवळजवळ अशक्य होते. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी हडर्सफील्डला बैठक घेऊन वेगळी चूल मांडली. खेळापायी कामगारांची रोजंदारी बुडे आणि तिची भरपाई द्यायला रग्बीचे धुरीण तयार नव्हते. त्यातूनच पुढे तेरा जणांची रग्बी लीग घडली. पंधरा जणांच्या मूळ खेळातून, म्हणजे रग्बी युनियनमधून, जो लीगमध्ये गेला, त्याला घरचे दार बंद. पोटासाठी खेळणाऱ्यावर हा उघड अन्याय होता. १९९५ साली युनियनने खेळाडूंना मानधन देणे मान्य केले, तेव्हा ते दार उघडले.

इथे उल्लेखलेला सिडनीचा जोसेफ-ऑकुसो सुआलीई शाळेत युनियन खेळला. वयाची अट शिथिल करून सतराव्या वर्षीच त्याला लीगमध्ये उतरवले गेले. पुढे लीग सोडून तो युनियनमध्ये परतला आणि युनियनचा एकही व्यावसायिक सामना न खेळता थेट ऑस्ट्रेलियाकडून कसोटीत उतरला. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी ट्विकनहॅमला झालेला तो सामना ऑस्ट्रेलियाने इंग्लंडविरुद्ध ४२–३७ असा जिंकला. — संपा.