विद्युत रेडिओ-नियंत्रित ट्रक : पेण-रोहा परिसरासाठी निवड

विद्युत मोटरीवर चालणारे, हातातल्या ट्रान्समीटरने दुरून हाकायचे आणि रस्ता सोडून शेत, माळ, मुरूम, खडक अशा जमिनीवर पळवण्यासाठी बांधलेले छोटे वाहन. छंदी मंडळी त्याला नुसते ‘आरसी ट्रक’ म्हणतात. खेळण्यांच्या दुकानातल्या रिमोटच्या गाडीपेक्षा ते वेगळे ठरते ते सुट्या भागांमुळे. मोडलेला आर्म, झिजलेला गिअर किंवा जळलेली मोटर स्वतंत्रपणे विकत मिळते, घरी बसवता येते, आणि गाडी वर्षानुवर्षे चालते. रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा तालुक्यांत असा ट्रक निवडताना खोक्यावर छापलेल्या वेगापेक्षा जमीन, खाडीचे मीठ आणि पाऊस यांचा विचार आधी करावा लागतो.

शिझुओका (जपान) येथील तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्श ९३४ ही विजेवर चालणारी रेडिओ-नियंत्रित मोटार आणली. ती सपाट रस्त्याची गाडी होती. त्याच कंपनीच्या १९७९ मधल्या रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या बग्ग्यांनी छंद मातीत उतरवला. १९८७ चा क्लॉड बस्टर दोन मोटरींचा, चारही चाके ओढणारा आणि चारही चाके वळवणारा होता. पुढे ट्रॅक्ससच्या स्लॅशने (२००८) शॉर्ट कोर्स ट्रक लोकप्रिय केला. याच कंपनीच्या टीआरएक्स-४ (२०१७) या क्रॉलरमध्ये डिफरन्शियल दुरून लॉक करण्याची सोय आहे.

जमीन : पेणची पश्चिम बाजू धरमतर खाडीला लागून आहे. तिथली खारजमीन बांध घालून भरतीपासून राखलेली असते. पूर्वेला जमीन महालमिऱ्याच्या डोंगराकडे चढत जाते. रोह्यात कुंडलिकेचे खोरे, भोवती भातखाचरे आणि वर अवचितगडासारखे काळ्या दगडाचे डोंगर आहेत. थोड्या अंतरात चिकणमाती, मुरूम, नदीतले गोटे आणि बेसाल्ट एवढी विविधता मिळते, ही इथल्या छंदिष्टाची मोठी चैन आहे.

भातकापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकते, पण खाचर लगेच मोकळे होत नाही. जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात आणि तो फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभा असतो. वाल नसलेली खाचरे आणि मार्चनंतरची मोकळी शेते हीच इथली खरी मैदाने. शेतमालकाला विचारूनच तिथे उतरावे आणि राब भाजलेली जागा टाळावी, कारण पुढची रोपे तिथेच वाढायची असतात. अशा खाचरात धसकटे असतात, वाळून फुटलेल्या चिकणमातीच्या भेगा असतात आणि दर काही अंतरावर बांध आडवा येतो. १:१८ मापाच्या गाडीचे चाक भेगेत रुतते, धसकट तिच्या पोटाला लागते. १:१० मापाच्या मॉन्स्टर ट्रकचे चाक साधारण १२ सेंमी व्यासाचे असते. तो भेग ओलांडतो आणि धसकट दाबून पुढे जातो. १:८ मापाचा ट्रक याहून सहज जातो, पण त्याची बॅटरी, टायर आणि मोडतोड सगळेच महाग पडते, शिवाय त्याच्या वजनाने बांधाची माती ढासळते. म्हणून या परिसरात पहिला ट्रक १:१० मापाचा, चारही चाके ओढणारा मॉन्स्टर ट्रक असावा, असे प्रस्तुत नोंदीचे स्पष्ट मत आहे. दोन चाके ओढणारा ट्रक स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा असतो, मुरमावर त्याची मजाही येते, पण भुसभुशीत मातीत तो जागच्या जागी खड्डा करतो.

शॉर्ट कोर्स ट्रक दिसायला देखणा आणि वळणावर स्थिर असतो. टणक मुरमाच्या मैदानावर तो मॉन्स्टर ट्रकपेक्षा सरस ठरतो. मात्र त्याचे पोट जमिनीलगत असते आणि उडी मारताना रुंद बॉडीखाली हवा भरून नाक वर उचलले जाते. क्रॉलरची जात अगदी निराळी. माणसाच्या चालीने जाणारी, प्रचंड गिअर-घट असलेली ही गाडी दगडावर चढण्यासाठी असते. डोंगरपायथ्याचे धोंडे, ओढ्याचे कोरडे पात्र हे तिचे क्षेत्र. ज्याला वेगाची ओढ नाही आणि एका दगडावर अर्धा तास रमता येते, त्याने क्रॉलरच घ्यावा. खर्चही कमी, मोडतोडही कमी. अवचितगडाच्या तटावर आणि टाक्यांवर मात्र चाक घालू नये. फणसाड अभयारण्याची हद्द रोहा तालुक्यातही येते, तिथे ट्रक नेऊ नये. कुंडलिकेच्या पात्रातही सावध राहावे. कोलाडजवळचे राफ्टिंग भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर चालते, म्हणजे पावसाचा थेंब नसतानाही तिथले पाणी चढते.

पाणी आणि मीठ : ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की स्पीड कंट्रोलर, सर्व्हो आणि रिसीव्हरची डबी पाण्यापासून बंद केलेली आहे. बेअरिंग, पोलादी स्क्रू आणि मोटरीची शाफ्ट उघडीच असतात. पावसातल्या गोड्या पाण्यातून आल्यावर गाडी धुऊन, वाळवून, बेअरिंगला तेलाचा थेंब दिला की भागते. खाडीच्या चिखलाचे तसे नाही. मिठाचे पाणी वीज चांगली वाहून नेते, त्यामुळे झिजलेल्या सीलमधून आत शिरले तर सर्किट जाते. आणि वाळल्यावर उरलेले मीठ हवेतला दमटपणा ओढून धातू खात राहते. खारभूमीच्या कडेला चालवायचा बेत असेल तर रबरी सीलची बेअरिंग आणि स्टेनलेस स्क्रू आधीच बसवावेत, आणि घरी येताच गोड्या पाण्याने गाडी धुवावी. भरतीच्या पट्ट्यात ट्रक न घालणे सर्वांत उत्तम.

मोटर आणि बॅटरी : ब्रशची ५४० मापाची मोटर स्वस्त असते आणि क्रॉलरला पुरते. मॉन्स्टर ट्रकला ब्रशलेस बरी, कारण तिच्यात घासून झिजणारे ब्रश नसतात. केव्ही हा आकडा दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे ते सांगतो. ३५०० केव्हीची मोटर दोन सेलच्या ७.४ व्होल्ट लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर बिनभार सुमारे २६,००० फेरे घेते, तीन सेलच्या ११.१ व्होल्टवर सुमारे ३९,०००. वेग दीडपट होतो, पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोन पट. बांधावर आपटून आर्म तुटतात ते यामुळे. नवशिक्याने पहिला मोसम दोन सेलवरच काढावा.

५००० मिलिअँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी सरासरी १५ अँपिअर ओढीने २० मिनिटे चालते. ती ५ अँपिअरने, बॅलन्स चार्जरवर भरावी. लायपोचा एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, सुमारे ३.२ च्या खाली उतरू देऊ नये, आणि ठेवून द्यायचा असेल तर ३.८ च्या आसपास ठेवावा. पावसाळ्यात महिनोन्महिने ट्रक कपाटात राहतो, तेव्हा हा आकडा फार महत्त्वाचा. भरताना जवळ माणूस असावे. पेंढा, कपडे, लाकडी फळी यांच्यापासून दूर, फरशीवर किंवा पत्र्याच्या पेटीत भरावी. मे महिन्यात बंद मोटारीत बॅटरी ठेवू नये. शाळकरी मुलासाठी घेत असाल तर सहा सेलची ७.२ व्होल्ट निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी जड असली तरी अधिक सोशिक आहे. वीज जाण्याचा त्रास असेल तर १२ व्होल्टवरही चालणारा चार्जर बघावा.

बॉडी : पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी आतून रंगवतात, म्हणजे ओरखडे रंगापर्यंत पोचत नाहीत. त्यासाठी गडद रंग आणि बारीक तपशील आधी, पाया शेवटी, असा उलटा क्रम लागतो. गणपतीच्या कारखान्यांमुळे पेणमध्ये फवारणीचा हात असलेली माणसे पुष्कळ आहेत. फक्त रंग पॉलिकार्बोनेटसाठीचाच हवा, नेहमीचा एनॅमल वाकवताच सुटतो.

खरेदी : बहुतेक ट्रक परदेशी बनावटीचे. भारताने खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले, तेव्हापासून परदेशातल्या किमतीवरून इथल्या किमतीचा अंदाज बांधणे चुकीचे ठरू लागले. म्हणून मॉडेल ठरवण्याआधी त्याचे आर्म, स्पर गिअर, ड्राइव्हशाफ्ट आणि सर्व्हो देशातल्या विक्रेत्याकडे आज शिल्लक आहेत का, ते विचारावे. गरज पडल्यास दिवा-रोहा गाडीने निघून मुंबईहून भाग आणता येतो, पण विक्रेत्याकडे तो असला पाहिजे. पहिल्या खरेदीतच एक जादा स्पर गिअर आणि पुढच्या आर्मची जोडी घ्यावी.

जुना ट्रक घेताना चाके हाताने फिरवून बेअरिंगची खरखर ऐकावी, मोटरीच्या खालचे स्क्रू गंजले आहेत का ते पाहावे. २७ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालणारा रेडिओ असेल तर तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा, आजचे २.४ गिगाहर्ट्झचे संच परवान्याशिवाय वापरता येतात आणि शेजारच्या गाडीशी त्यांची गल्लत होत नाही. सोबत फुगलेली लायपो मिळत असेल तर ती घेऊ नये.