इंटरनेटवरून बोललेला रेडिओ, रेडिओ असतो का?

आजचा भाग एका भांडणाबद्दल आहे. भांडण आहे हॅम रेडिओवाल्यांचं, आणि गेली पंचवीसेक वर्षं ते काही मिटलेलं नाही.

मुद्दा असा. समजा, पुण्यात एकाने मोबाईलवर ॲप उघडलं, स्क्रीनवरचं बटण दाबलं आणि बोलला. त्याचा आवाज कॅनडातल्या एका डोंगरावरच्या रिपीटरमधून बाहेर पडला आणि तिथे गाडी चालवणाऱ्या कुणीतरी आपल्या सेटवर तो ऐकला. मधलं हजारो किलोमीटरचं अंतर आवाजाने समुद्राखालच्या केबलमधून कापलं. खऱ्या रेडिओ लहरी लागल्या त्या शेवटच्या काही किलोमीटरला. मग याला रेडिओ म्हणायचं का? की हा नुसता व्हॉट्सॲप कॉल, जरा वळसा घालून केलेला?

ज्यांनी हॅम रेडिओ हे नाव पहिल्यांदाच ऐकलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा छंद आहे, पण लायसन्सचा. परीक्षा द्यायची, सरकारकडून परवाना घ्यायचा, मग तुम्हाला एक कॉलसाइन मिळतो. आपल्याकडे बहुतेक कॉलसाइन व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होतात. त्या नावाने तुम्ही जगातल्या कुठल्याही हॅमशी बोलू शकता. पैसे कमवायचे नाहीत, धंद्याच्या गोष्टी बोलायच्या नाहीत आणि दर थोड्या वेळाने आपला कॉलसाइन सांगायचा. म्हणजे हवेत बोलणारा प्रत्येक आवाज कुणाचा तरी असतो, निनावी कुणी नाही.

आता अडचण कुठे येते ते बघा. हातातल्या छोट्या सेटच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. डोंगरावर रिपीटर असेल तर तो तुमचा आवाज उचलून पुन्हा जोरात सोडतो, पण तरी पल्ला आसपासच्या जिल्ह्यांपुरताच. जगभर बोलायचं तर शॉर्टवेव्ह हवी, जी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येते. त्यासाठी लागते लांब तार. ७ मेगाहर्ट्झच्या बँडवरच्या साध्या अँटेनाला साधारण २० मीटर तार लागते. आता मी राहतो भाड्याच्या फ्लॅटमध्ये. गच्ची सोसायटीची, खिडकी घरमालकाची. २० मीटर तार बांधू कुठे? हॉस्टेलवर राहणाऱ्या पोराची, शहरात मुलाकडे राहायला आलेल्या आजोबांची हीच गत. लायसन्स आहे, हौस आहे, जागा नाही. मग सेट कपाटात जातो आणि माणूस हवेतून गायब होतो.

म्हणजे भांडण दिसतं व्याख्येचं, पण खाली प्रश्न आहे तो हा: अशी माणसं या छंदात टिकणार कशी?

थोडं मागे जाऊ. १९१२ साली अमेरिकेत रेडिओचा कायदा झाला आणि हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या तरंगलांबीवर ढकललं गेलं. तेव्हाचा समज असा की लांबचं बोलायला लांब लहरीच हव्यात, आखूड लहरी काही कामाच्या नाहीत. थोडक्यात, पोरांना अंगणाचा नको असलेला कोपरा खेळायला दिला. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन हॅम स्कॉटलंडच्या आर्ड्रोसनला जाऊन किनाऱ्यावर तंबू ठोकून बसला आणि अमेरिकेतल्या हौशी स्टेशनांचे सिग्नल त्याने ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसचा लिओं दलुआ आणि अमेरिकेतला फ्रेड श्नेल यांचं अटलांटिकपार दोन्ही बाजूंनी बोलणं झालं, तेही साधारण ११० मीटरवर. टाकाऊ ठरवलेल्या लहरी जगभर पोचतात, हे हौशी लोकांनी दाखवून दिलं. हॅम लोकांचा स्वाभिमान इथून येतो: मधे कुणाची तार नाही, कंपनी नाही. मी, माझी अँटेना आणि आकाश.

या अभिमानाला इंटरनेट खुपणार, हे उघड होतं. पण एक गोष्ट या भांडणात सगळेच विसरतात. हॅम आणि इंटरनेट यांची ओळख बरीच जुनी आहे. १९७८ मध्ये मॉन्ट्रियलच्या हॅम लोकांनी रेडिओवरून डेटाची पाकिटं पाठवायला सुरुवात केली. १९८१ मध्ये ४४ ने सुरू होणारे सगळे आयपी ॲड्रेस, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांच्या आसपास, हॅम रेडिओच्या प्रयोगांसाठी राखले गेले. फिल कार्न नावाच्या हॅमने छोट्या कॉम्प्युटरवर चालणारं टीसीपी-आयपी सॉफ्टवेअर लिहिलं, आणि त्याला नाव दिलं स्वतःच्या कॉलसाइनचं: केए९क्यू. मी दिवसभर सर्व्हर सांभाळणारा माणूस आहे. ज्या प्रोटोकॉलवर माझी नोकरी चालते तो कधीकाळी हॅम सेटमधून कुईकुई करत जायचा, हे कळल्यावर मला ही दोन घरं वेगळी वाटेनाशी झाली.

आता मुख्य गोष्ट. १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीचं इंटरनेट फोन नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि घरच्या कॉम्प्युटरवरून आवाज पाठवता येऊ लागला. नोव्हेंबर १९९७ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या डेव्हिड कॅमेरॉन या हॅमने त्याच सॉफ्टवेअरने लांबलांबचे रिपीटर जोडायचा प्रयोग सुरू केला. विंडोजवर ते प्रकरण धड टिकेना. मग त्याने लिनक्स घेतलं, जॉन वॉकरचं स्पीक फ्रीली नावाचं खुलं सॉफ्टवेअर घेतलं, ते स्वतःच्या गरजेप्रमाणे बदललं आणि रेडिओ व कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसणारं एक छोटं सर्किट बोर्ड बनवलं. हेच आयआरएलपी, म्हणजे इंटरनेट रेडिओ लिंकिंग प्रोजेक्ट.

चालतं कसं? रिपीटरशेजारी लिनक्सचा कॉम्प्युटर. प्रत्येक जोडणीला, म्हणजे नोडला, चार आकडी नंबर. तुम्ही तुमच्या सेटच्या कीपॅडवर तो नंबर दाबायचा, टूं-टूं आवाज रिपीटरपर्यंत जातो, बोर्ड तो ओळखतं आणि दूरच्या नोडला जोडून देतं. नोडची ओळख पटवायला डिजिटल किल्ली असते, त्यामुळे भलताच कुणी आत घुसत नाही.

आणि इथे कॅमेरॉनने एक ठाम निर्णय घेतला. या जाळ्यात कॉम्प्युटरवरून थेट बोलता येणार नाही. दोन्ही टोकांना रेडिओच हवा. इंटरनेटने मधल्या हमालाचं काम करायचं, बस्स.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या जोनाथन टेलरने इकोलिंक आणलं आणि नेमकं उलट केलं. रेडिओ नसला तरी चालेल. कॉम्प्युटर आणि माइक पुरे. पुढे फोनवर ॲपही आलं. पण दारात एक अट ठेवली: आधी आपल्या लायसन्सचा पुरावा द्या. तो तपासला गेला की मगच तुमचा कॉलसाइन चालू होतो. आज असे तपासलेले दोन लाखांहून जास्त लोक इकोलिंकवर नोंदलेले आहेत.

दोन्ही माणसांचं म्हणणं नीट बघा. दोघांनाही कळलं होतं की कुठेतरी दार हवं, नाहीतर हा छंद उघड्या चॅटरूमसारखा होईल. एकाने दार सेटपाशी ठेवलं, दुसऱ्याने माणसापाशी. कॅमेरॉनने रेडिओ जपला, टेलरने हॅम जपला. कपाटात सेट ठेवून बसलेल्या माणसाला परत आत घेतलं ते दुसऱ्या दाराने.

मधे एक तांत्रिक गंमत झाली. स्पीक फ्रीलीचा मूळ लेखक जॉन वॉकर याने २००४ मध्ये ते सॉफ्टवेअर बंद केलं. कारण दिलं राउटरमागे लपणाऱ्या ॲड्रेसचं. घराघरात एकच सार्वजनिक आयपी अनेक यंत्रं वाटून घ्यायला लागली, आणि बाहेरून कुणी थेट आत पोचणं अवघड झालं. तुमच्या मोबाईल डेटावर आजही तीच परिस्थिती असते. इकोलिंकने त्यावर मधल्या सर्व्हरची, म्हणजे प्रॉक्सी आणि रिलेची वाट काढली. म्हणूनच ते ॲप तुमच्या फोनवर चालतं.

यानंतर डिजिटल आवाज आला. जपानच्या हॅम संघटनेने डी-स्टार २००१ मध्ये जाहीर केलं. त्यात आवाजाबरोबर कॉलसाइनसुद्धा आकड्यांच्या रूपात जातो. मग धंदेवाईक वॉकीटॉकीसाठी बनवलेलं डीएमआर हॅम लोकांनी आपलंसं केलं. इथे प्रत्येक हॅमला एक आयडी मिळतो, आणि भारतीयांचे आयडी सुरू होतात ४०४ ने, कारण मोबाईलच्या जगात भारताचा एक देश-कोड तोच आहे. इंजिनिअर मंडळींना हसू आलं असेल. पान सापडलं नाही, भारत मात्र सापडला.

आणि शेवटी आला हॉटस्पॉट. रास्पबेरी पाय, त्यावर बोटभर रेडिओ बोर्ड, ताकद साधारण १० मिलिवॉट. हातातल्या सेटवरून बोलायचं, आवाज टेबलावरच्या डबीपर्यंत हवेतून जातो, पुढे वायफायवरून जगभर. अँटेना बोटाएवढी. घरमालकाला पत्ताही लागत नाही. यातलं बरंचसं सॉफ्टवेअर ब्रिटनच्या जोनाथन नेलर या हॅमने लिहून खुलं केलंय. आवाज दाबणारा कोडेक मात्र एका कंपनीच्या मालकीचा राहिला, हे अनेकांना बोचलं. त्यातून ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड रो याने कोडेक २ हा खुला पर्याय लिहिला. म्हणजे १९२० च्या दशकात हौशी लोक वायर गुंडाळत होते, आता कोड लिहितात. खोड तीच.

मग विरोध करणारे चुकीचे होते का? नाही. त्यांचं म्हणणं एका वाक्यात सांगतो: ज्या दिवशी रेडिओची खरी गरज पडते, त्या दिवशी इंटरनेट बंद असतं.

२६ डिसेंबर २००४. भारती प्रसाद या भारतीय हॅम आपल्या टीमसोबत पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. अंदमानातून हवेत यायला परवानगी मिळालेली, जगभरचे हॅम त्यांच्याशी संपर्क व्हावा म्हणून धडपडत होते. भूकंप झाला, त्सुनामी आली, फोन बंद पडले. त्या टीमने शॉर्टवेव्हवरून मुख्य भूमीशी संपर्क ठेवला आणि पुढचे दिवस लोकांची खुशाली, मदतीचे निरोप पोचवले. कार निकोबारलाही हॅम गेले. तिथे कुठलंही ॲप उपयोगाचं नव्हतं.

पण दुसरी बाजूही ऐका. अमेरिकेत मायामीच्या हरिकेन सेंटरमध्ये एक हॅम स्टेशन आहे. वादळाच्या वाटेतले हॅम तिथे वाऱ्याचा वेग, हवेचा दाब कळवतात. ते लोक शॉर्टवेव्ह वापरतात आणि इकोलिंक-आयआरएलपी जोडून चालणारं जाळंही वापरतात. जोवर नेट आहे तोवर नेट, ते गेलं की शॉर्टवेव्ह. ज्यांचं काम जीवावरचं आहे, त्यांनी हे भांडण कधीच बाजूला ठेवलं.

माझं मत सांगतो. अंदमानात कामाला आला तो सेट, खरंच. पण त्याहून आधी कामाला आली सवय. थोडक्यात बोलायची, आपली पाळी येईपर्यंत थांबायची, नाव-गाव-संदेश चोख लिहून घ्यायची. ही सवय कपाटातल्या सेटने टिकत नाही, रोज बोलल्याने टिकते. इंटरनेटच्या लिंकवर एक शिस्त असते: समोरचा थांबला की लगेच बटण दाबायचं नाही, दोन सेकंद जागा सोडायची. लिंकला उशीर लागतो म्हणून, आणि तेवढ्यात कुणाला तातडीचं बोलायचं असेल तर त्याला फट मिळावी म्हणूनही. कुणाच्याही ग्रुप कॉलवर हे शिकवत नाहीत.

म्हणून माझं उत्तर असं: ती तार नाही, पण तो हॅम आहे. ॲपवर सराव चालू ठेवा आणि वर्षातून चार वेळा तरी डोंगरावर जाऊन झाडाला तार बांधा. नुसतं पहिलं केलंत तर वीज गेल्यावर तुम्ही मुके. नुसत्या दुसऱ्याची वाट बघत बसलात तर तोपर्यंत बोलायचंच विसराल.

लायसन्स नसेल तर? इकोलिंकवर दार बंद आहे, पण ऐकायला कुणाची परवानगी लागत नाही. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर म्हणून शोधा. तिथला खराखुरा शॉर्टवेव्ह रिसीव्हर तुमच्या फोनच्या ब्राउझरमध्ये चालतो, काटा तुम्ही स्वतः फिरवायचा. लायसन्स असेल तर इकोलिंकवर ९९९९ नंबर लावा. तिथे एक यंत्र तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकवतं, माइक नीट आहे का ते कळतं. आणि स्वतःची नोड किंवा हॉटस्पॉट लावायचा विचार असेल, तर आधी परवान्याच्या अटी वाचा आणि जवळच्या क्लबमधल्या अनुभवी माणसाला गाठा.

आजच्यापुरतं एवढंच. हॅम लोक निरोप घेताना ७३ म्हणतात, म्हणजे मनापासून शुभेच्छा. तर मंडळी, ७३, आणि भेटू पुढच्या भागात.