रासायनिक अभिक्रियेचे बाण (अक्षरजुळणी)

रासायनिक समीकरणात अभिक्रियाकारके आणि उत्पादिते यांच्या मध्ये येणाऱ्या बाणाला रासायनिक अभिक्रियेचा बाण म्हणतात. छापील अथवा संगणकीय मजकुरात हे बाण योग्य आकाराचे, हव्या तेवढ्या लांबीचे आणि योग्य उंचीवर बसवणे हे वैज्ञानिक अक्षरजुळणीतील एक स्वतंत्र काम आहे. सर्वसाधारण फाँटमधील बाण या कामाला पुरे पडत नाहीत, म्हणून त्यासाठी खास फाँट तयार करण्यात आले. अशा फाँटमुळे बाण रेखीव दिसतो. मात्र त्यामागचा संकेतांक प्रमाणित नसेल तर फाँट बदलताच बाणाच्या जागी भलतेच चिन्ह उमटते. रसायनशास्त्रात बाण ही सजावट नसून एक विधान असते. त्यामुळे हा दोष केवळ दिसण्यापुरता राहत नाही.

चिन्हे व त्यांचे अर्थ

आयुपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संकेतानुसार समीकरणातील मधल्या चिन्हाचे चार अर्थ वेगळे ठेवले जातात. दोन्ही बाजूंची प्रमाणे जुळतात एवढेच सांगायचे असल्यास = हे चिन्ह, एका दिशेने घडणाऱ्या निव्वळ अभिक्रियेसाठी →, दोन्ही दिशांनी घडणाऱ्या अभिक्रियेसाठी दोन पूर्ण बाण (⇄) आणि समतोलासाठी दोन अर्धबाण (⇌) वापरतात. अर्धबाण म्हणजे ज्याच्या टोकाला एकाच बाजूचा काटा असतो असा बाण. ⇌ या चिन्हात वरचा बाण उजवीकडे व खालचा डावीकडे जातो आणि दोघांचे काटे बाहेरच्या बाजूस असतात.

यांखेरीज ↔ हे चिन्ह संस्पंदन दर्शवते आणि ⇒ हे चिन्ह इष्ट रेणूकडून त्याच्या घटकांकडे उलट जाणाऱ्या संश्लेषण-विचारासाठी वापरले जाते. ↔ आणि ⇌ यांची गल्लत विद्यार्थ्यांकडून होतेच, पण छपाईतही होते. पहिले चिन्ह सांगते की रेणू एकच आहे आणि त्याची चित्रे दोन आहेत. तेथे काहीच घडत नसते. दुसरे चिन्ह सांगते की दोन अवस्था सतत एकमेकींत बदलत आहेत. एका काट्याच्या फरकाने विधान पूर्णपणे बदलते.

इतिहास

अभिक्रियेची मांडणी आकृतीच्या रूपाने करण्याचा पहिला ज्ञात प्रयत्न झाँ बेगँ या फ्रेंच रसायनज्ञाने १६१५ मध्ये केला. लाव्हाझिए याने १७८९ च्या आपल्या ग्रंथात द्राक्षरसाच्या किण्वनाचे वर्णन करताना बरोबरीचे चिन्ह वापरले. वस्तुमान कायम राहते हा त्याचा मुख्य सिद्धांत असल्याने त्याला तेच चिन्ह जवळचे वाटणे स्वाभाविक होते. पुढे जवळपास शतकभर समीकरणांत बरोबरीचे चिन्हच रूढ राहिले.

याकोबुस व्हान्ट हॉफ याने १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रासायनिक गतिशास्त्रावरील ग्रंथात समतोलासाठी परस्परविरुद्ध दिशांचे दोन बाण योजले. समतोल म्हणजे थांबणे नव्हे, तर दोन अभिक्रियांचे सारख्याच वेगाने चालू राहणे, ही कल्पना त्या चिन्हात उतरली होती. (व्हान्ट हॉफ यालाच १९०१ चे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले.) दोन पूर्ण बाणांऐवजी अर्धबाण वापरावेत, ही सूचना ह्यू मार्शल याने १९०२ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. इलेक्ट्रॉनांचे स्थलांतर दाखवणारे वक्रबाण १९२२ मध्ये रॉबर्ट रॉबिन्सन व त्याचा सहकारी कर्मॅक यांच्या लेखनातून आले. मात्र ते ओळीत बसणारे चिन्ह नसून आकृतीचा भाग असल्याने अक्षरजुळणीच्या कक्षेत फारसे येत नाहीत.

लांबीचा प्रश्न

अक्षर आणि बाण यांत एक मूलभूत फरक आहे. अक्षराची रुंदी ठरलेली असते. बाणाची रुंदी मात्र त्याच्या वर व खाली काय लिहायचे आहे यावर ठरते. अमोनियाच्या निर्मितीचे उदाहरण घेतल्यास:

नायट्रोजन + ३ हायड्रोजन ⇌ २ अमोनिया

या समीकरणातील बाणावर लोह हा उत्प्रेरक, सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे २०० वातावरण दाब या अटी लिहायच्या असतात. त्या मावतील एवढा बाण लांबला पाहिजे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात बाणाचा खिळा ठरावीक रुंदीचाच असे. त्याहून लांब बाण हवा असल्यास जुळाऱ्याला तो तुकडे जोडून तयार करावा लागे आणि वरचा मजकूर बारीक टाइपात वेगळा जुळवून त्यावर बसवावा लागे.

संगणकावरही मूळ युक्ती हीच राहिली. डोनाल्ड नूथ याने १९७८ मध्ये सादर केलेल्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीत लांब बाण एकसंध नसतो. वजाबाकीची चिन्हे एकमेकांवर थोडी चढवत ओळीने मांडली जातात आणि शेवटी बाणाचे टोक जोडले जाते. वजाबाकीच्या रेघेची जाडी आणि बाणाच्या दांड्याची जाडी, तसेच त्यांची आधाररेषेपासूनची उंची, नूथने जाणूनबुजून सारखी ठेवली होती. रेघांची टोके गोलसर असल्याने त्या केवळ टोकाला टोक लावून ठेवल्या तर सांध्यावर खाच दिसते, म्हणून त्या एकमेकींवर चढवाव्या लागतात. १९९२ मध्ये नूथने या फाँटमधील बाणांची टोके मोठी व ठसठशीत केली. छायाप्रत काढल्यावर ती पुसट होत, हे त्यामागचे कारण होते.

खास फाँट

नूथचे बाण गणितासाठी आखलेले होते. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिसणाऱ्या बाणांचे वळण निराळे असते. हा फरक भरून काढण्यासाठी केमॲरो नावाचा संच तयार झाला. यात केवळ बाणांचा एक छोटा फाँट व तो वापरण्यासाठीच्या आज्ञा आहेत. हा फाँट नूथच्याच मेटाफाँट या भाषेत लिहिलेला असून त्याचे टाइप-वन हे बाह्यरेषांचे रूपही उपलब्ध आहे. त्यातील आज्ञांना वरचा व खालचा मजकूर दिला की बाण त्या मजकुराच्या रुंदीनुसार आपोआप लांब होतो. हायको ओबरडीक याचा केमार हा संच याहून मर्यादित असून तो लांबणारा समतोल-बाण पुरवतो.

आज सर्वाधिक वापर मार्टिन हेन्सेल याच्या एमएचकेम या संचाचा होतो. त्यात लेखकाने वजाबाकी व 'मोठे' या चिन्हांची जोडी टंकित केली की तिचा बाण बनतो. समतोल-बाण, त्यावरील अटी, तसेच एका बाजूला झुकलेला समतोल दाखवणारा असमान लांबीचा जोडबाणही लिहिता येतो. हीच लेखनपद्धती मॅथजॅक्स या साधनाद्वारे संकेतस्थळांवर आणि मीडियाविकीच्या रसायन-खुणेद्वारे विश्वकोशातील लेखांतही चालते. खास फाँटपेक्षा या पद्धतीचा मोठा लाभ असा, की लेखक बाणाचा अर्थ लिहितो आणि रूप ठरवण्याचे काम यंत्रावर सोपवतो.

ओपनटाइप फाँटमधील गणिती तक्ता हा याच तत्त्वाचा पुढचा टप्पा होय. वर्ड २००७ सोबत आलेल्या कॅम्ब्रिया मॅथ या फाँटमुळे तो प्रचारात आला. लांबणाऱ्या बाणाचे आरंभीचे टोक, वाढवता येणारा मधला तुकडा, शेवटचे टोक आणि ते एकमेकांवर किती चढवायचे याचे माप, हे सर्व फाँटमध्येच नोंदलेले असते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टिक्स फाँटच्या प्रकल्पात अमेरिकन केमिकल सोसायटी सहभागी होती.

संकेतांकाचा प्रश्न

पोस्टस्क्रिप्ट मुद्रकांसोबत येणाऱ्या सिंबॉल या फाँटमध्ये उजवा बाण १७४ या क्रमांकावर होता. सर्वसाधारण रोमन संकेतावलीत त्याच क्रमांकावर नोंदणीकृत व्यापारचिन्हाची खूण, म्हणजे वर्तुळातील 'आर', आहे. फाईल दुसऱ्या संगणकावर उघडताना किंवा मजकूर नकलताना सिंबॉल फाँट सुटला, की 'कार्बन + ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड' यातील बाणाच्या जागी ® उमटतो. अर्धबाण तर त्या फाँटमध्ये नव्हतेच, म्हणून ते ज्याने त्याने स्वतःच्या फाँटमध्ये वाटेल त्या अक्षराच्या जागी बसवले.

युनिकोडमध्ये २१९० पासून सुरू होणारा बाणांचा स्वतंत्र विभाग आहे. उजवा बाण तेथे २१९२ या संकेतांकावर असून समतोलाचा जोड-अर्धबाणही त्याच विभागात आहे. आता नवा फाँट आखणाऱ्याने या चिन्हांना नवी जागा शोधण्याचे कारण उरलेले नाही. युनिकोडने खासगी वापरासाठी ६,४०० जागांचा एक पट्टा राखून ठेवला आहे. तेथे बसवलेला बाण छापील पानावर निर्दोष दिसतो, पण शोधयंत्राला सापडत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचक-सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही. अशा विद्यार्थ्याला अभिक्रियाकारके व उत्पादिते एका ओळीत ऐकू येतात. त्यांच्यामधले नाते ऐकू येत नाही.

मराठी मजकुरात

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. युनिकोडपूर्व देवनागरी फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, आणि त्या काळातील मराठी मजकूर आज परिवर्तकाविना वाचता येत नाही. अशा मजकुरातील बाण परिवर्तनानंतरही तपासावे लागतात, कारण परिवर्तक अक्षरांसाठी बनवलेले असतात.

महाराष्ट्रातील मराठी पाठ्यपुस्तकांत रासायनिक सूत्रे रोमन लिपीत आणि शब्दसमीकरणे देवनागरीत असतात. शब्दसमीकरणात बाणाची उंची खटकते. गणिती फाँटमधील बाण रोमन अक्षरांच्या मध्याशी जुळवलेला असतो. शिरोरेषेखाली लटकणाऱ्या देवनागरी अक्षरांशेजारी तो अनेकदा किंचित खाली बसल्यासारखा दिसतो. बाणावरील मजकूर देवनागरीत असेल तर आणखी एक अडचण येते: वर लिहिलेल्या शब्दातील उकार दांड्याला टेकतात आणि खाली लिहिलेल्या शब्दातील वेलांट्या व रफार त्यात घुसतात. 'वायुरूप' हा शब्द बाणावर आणि 'सूर्यप्रकाश' बाणाखाली लिहून पाहिल्यास दोन्ही दोष लगेच दिसतात. यावर उपाय म्हणजे फाँट बदलणे नव्हे, तर बाण व मजकूर यांतील अंतर वाढवणे. बहुतेक अक्षरजुळणी प्रणालींत ते माप बदलता येते.